शीग

पोस्टातल्या उके बाबूंनी दोन पासबुकं शेजारी ठेवली,
मी जुळी ठेवायची काट्याजवळ, तशी,
आणि म्हणाले, "सिस्टर, यातलं एकच चालते."

एक माझं.
वडेगावच्या उपकेंद्रात लसींचा डबा वाहून भरलेलं,
दर मार्चला नियमाच्या काठापर्यंत.
दुसरंही माझंच, मला ठाऊक नसलेलं.
साकोलीच्या बँकेतलं.
खांबावर चढायच्या पट्ट्याच्या पिशवीत सापडलं,
काळ्या टेपने गुंडाळून ठेवलेलं,
जशी उघडी तार गुंडाळतात.
आत सही माझी.
कधी घेतली असेल?
मी लसीकरणाच्या रजिस्टरवर वाकलेली असताना,
"इथं कर, राशनचं आहे," म्हणत?

नियम असा की एका माणसाचं एकच खातं.
माझं काठोकाठ भरलेलं,
म्हणून यांचं सगळंच वरचं.
वरचं परत मिळतं. मुद्दल तेवढं.
अकरा वर्षं मार्चअखेर उतरत गेलेलं व्याज
प्रिंटर करकरला आणि एका ओळीत वजा झालं.

मी विचारलं, "बाबू, पैसे तर तिथंच होते ना?"
"होते जी.
पण मोजल्या नाही गेले."

मग गिऱ्हेपुंजे. बस स्टँडसमोर, झेरॉक्सच्या वर,
जिन्याला कठडा नाही.
त्याने यांचे जुने कागद पसरले, वर पंखा बंद केला.
"मुद्दल वापस आलं, त्याच्यावर कर नाही.
व्याज भेटलंच नाही, त्याच्यावर काहून लागन?
पण टेंभुर्णे साहेबांनी या पैशावर सूट घेतली होती, चार वर्षं.
जो पैसा बसतच नव्हता, त्याच्यावरची सूट…"
तो थांबला. पेन कानामागे गेला.
"जाऊ द्या बाई. ती वर्षं बंद झाली."

वर्षं बंद होतात हे मला माहीत नव्हतं.
वीजबिल अजून दुर्योधन टेंभुर्णे याच नावाने येतं.

लहानपणी आई धान कापायला जायची.
मजुरी पायलीने.
एका घरी पायलीवर काठी फिरवत,
वरचे दाणे मालकाच्या ढिगात परत.
गोपिकाबाईच्या खळ्यावर काठीच नव्हती.
पायलीवर टेकडी उभी राहायची,
दाणे घरंगळत आईच्या पदरात यायचे.
"शीग मजुराची," ती म्हणायची,
आणि दुसरीकडे बघायची.

बँकेच्या चिठ्ठीमागे मी भागाकार केला.
एक लाख अठ्ठावन्न हजार चारशे,
अकरा वर्षं, बारा महिने.
बाराशे.
दर महिन्याला नेमके बाराशे, एकदाही चुकले नाहीत,
वादळात लाइन पडली त्या जूनमध्येही नाही.
बाराशे म्हणजे रोजचे चाळीस.

चाळीस.
मी चिठ्ठी खाली ठेवली.

वीसचा एक खर्रा, असे दोन.
किती वर्षं मागे लागले होते मी,
तोंडाचे फोटो दाखवले, शिबिरात नाव लिहिलं,
घरात बोलणं बंद ठेवलं.
मग एका सकाळी हे म्हणाले, दाढ दुखते, सोडला.
मी म्हटलं, बरं झालं.
दाढेला लवंग दिली.
एवढंच.

पैसे आता साध्या खात्यात आहेत.
आजपासून त्यांना व्याज लागेल, थोडंसं.
गिऱ्हेपुंजे जिन्यापर्यंत सोडायला आला.
म्हणाला, "हे व्याज मात्र दाखवा लागते, सिस्टर.
किती का कमी असेना."

दाखवीन, म्हटलं.
आणि भिंतीला हात लावत, एक एक पायरी, खाली उतरले.